‘आळस की एडीएचडी?’ : ३६व्या वर्षी हा प्रश्न पडलेल्या एका बाईंना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३६, पदवीपर्यंत कायम पहिला वर्ग, आता नोकरी आणि चार वर्षांचं मूल. दोन वर्षांपासून चिंतेसाठी गोळी चालू आहे. तिने छातीतली धडधड कमी झाली, पण विसराळूपणा, अर्धवट राहणारी कामं आणि चालढकल होती तशीच आहे. मागच्या रविवारी एक अर्ज भरायचा म्हणून दिवसभर बसून होतात. अर्जही झाला नाही आणि विश्रांतीही नाही. मग काही व्हिडिओ पाहिले, ‘ही तर मीच’ असं वाटलं. ऑनलाइन चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. नवरा म्हणतो, असं सगळ्यांचंच होतं. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा आळस आहे की एडीएचडी (अवधानदोष आणि अतिचंचलतेचा लहानपणापासूनचा विकार), ते ठरवतात कसं, आणि आता चिंतेची गोळी बंद करावी का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि प्रौढांमधल्या एडीएचडीची तपासणी हे माझं रोजचं काम आहे. एका पत्रावरून तुम्हाला तो आहे किंवा नाही हे मला सांगता येणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. पण हा निर्णय घेताना आम्ही काय बघतो आणि का, ते सांगते.

आळसाचा मुद्दा आधी निकालात काढू. काम टाळून जो मजेत लोळतो त्याला आळशी म्हणावं. दिवसभर त्याच कामाचा घोर लावून घेऊन, स्वतःला दूषणं देत, तरीही हात न हलणं हे वेगळं प्रकरण आहे. मात्र आळस नाही म्हणजे एडीएचडीच, असंही नाही. नैराश्यात हेच होतं, चिंतेत हेच होतं, महिनोन्‌महिने झोप पुरी झाली नाही तरी हेच होतं. आज दिसणाऱ्या लक्षणांवरून यांतला फरक फारसा कळत नाही. म्हणून ‘यादीतली किती लक्षणं मला लागू पडतात’ यापेक्षा मी तीन गोष्टींच्या मागे असते : हे कधीपासून आहे, आयुष्यात कुठेकुठे आहे, आणि ते चारचौघांत दिसू नये म्हणून तुम्हाला किती झिजावं लागतंय. बायकांच्या बाबतीत तिसरी गोष्ट बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

ती का विचारली जात नाही, याचं कारण या निदानाच्या इतिहासात आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन केलं तेव्हापासून डोळ्यांसमोर चित्र राहिलं ते वर्गात उड्या मारणाऱ्या, मारामारी करणाऱ्या मुलग्याचं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या नियमावलीने अतिचंचलता नसलेला अवधानदोष १९८० साली मान्य केला. तुम्ही शाळेत होतात तेव्हा लक्षणं सात वर्षांच्या आत दिसली पाहिजेत अशी अट होती. २०१३च्या डीएसएम-५मध्ये ती मर्यादा बारा वर्षांवर आली, आणि १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीसाठी, अवधानदोषाची नऊ आणि चंचलतेची नऊ अशा दोन याद्यांपैकी कुठल्याही एकीतली सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली. आता विचार करा, तिसऱ्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या, कुणाला त्रास न देणाऱ्या, बऱ्यापैकी मार्क पडणाऱ्या मुलीला त्या काळात तपासायला कोण नेणार? लहान वयात मुलगे आणि मुली यांचं प्रमाण साधारण दोनास एक सांगितलं जातं. प्रौढांमध्ये ते १.६ ला १ इतकं जवळ येतं. मधल्या काळात बायकांना नव्याने लागण होत नाही. लहानपणी सुटून गेलेल्या मोठेपणी सापडतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही स्पष्ट लिहिलंय की मुली आणि बायकांना तपासणीसाठी कमी पाठवलं जातं आणि त्यांच्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी मानसिक आजाराचा शिक्का बसण्याची शक्यता जास्त असते.

मग प्रौढ बाईमध्ये हे दिसतं कसं? ‘तुमचं लक्ष विचलित होतं का?’ असं मी सहसा विचारत नाही. त्याला कुणीही हो म्हणेल. मी म्हणते, काल संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते क्रमाने सांगा. एका बाईंनी सांगितलेली संध्याकाळ, ओळख पटू नये इतपत बदलून, अशी : आल्या आल्या वॉशिंग मशीन लावलं. मोबाइल बंद पडायला आला होता म्हणून चार्जर आणायला आतल्या खोलीत गेल्या. तिथे टेबलावर विजेचं बिल, तारीख उलटून गेलेलं. ते भरायला मोबाइल उघडला तर बहिणीचा मेसेज. तिला एक फोटो पाठवायचा राहिला होता. फोटो शोधता शोधता गॅलरी साफ करायला घेतली. पाऊण तासाने मोबाइल बंद पडला तेव्हा चार्जर आठवला. बिल राहिलंच. मशीनमधले कपडे दुसऱ्या दिवशी रात्री आठवले, तोवर कुबट वास यायला लागला होता, म्हणून पुन्हा धुवायला टाकले आणि पुन्हा विसरल्या. हे त्या हसत हसत सांगत होत्या. असं आठवड्यातून किती वेळा होतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘असं न झालेला दिवस आठवावा लागेल.’

यातली एकही गोष्ट सुटी पाहिली तर वेडगळ नाही. नवरा म्हणतो ते इथपर्यंत खरं आहे, की असं सगळ्यांचं होतं. रक्तदाबही सगळ्यांनाच असतो. प्रश्न किती, हा असतो. हेच रोज, घरी आणि ऑफिसात, वयाच्या दहाव्या वर्षीही आणि आजही होत असेल, आणि त्यापायी नोकरी, पैसा, नाती यांचं खरोखर नुकसान होत असेल, तर ते ‘सगळ्यांचं’ राहत नाही.

चंचलता बायकांमध्ये अनेकदा आत वळलेली असते. बाहेरून शांत, आत विचारांचा गलका. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी तोंडून उत्तर निघून जाणं, मीटिंगमध्ये टेबलाखाली पाय हलत राहणं, गरज नसताना खरेदी, रागाच्या भरात पाठवलेला आणि दहा मिनिटांनी पस्तावायला लावणारा मेसेज, ही तिची रूपं. भावना पटकन उसळणं आणि कुणी जरासं टाकून बोललं तर दिवसच्या दिवस ते मनाला लागून राहणं, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी सांगतात. डीएसएमच्या अठरा निकषांमध्ये मात्र ते नाही, त्यामुळे केवळ त्यावरून निदान करता येत नाही. व्हिडिओंमध्ये नेमकं हेच सगळ्यांत ठळकपणे दाखवतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

आता तुमच्या पहिल्या वर्गाकडे येते. ‘मार्क चांगले होते, म्हणजे एडीएचडी नसणार’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. मार्क किती पडले हे मी शेवटी विचारते. आधी विचारते की अभ्यास व्हायचा कसा. वर्षभर पुस्तक बंद आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागरण? आई शेजारी बसली तरच? वह्या अपूर्ण, मग मैत्रिणीची वही उतरवून काढायची? घरून निघताना दप्तर कोण तपासायचं? हुशारी, धाक, आईचं लक्ष, शाळेचं ठरलेलं वेळापत्रक हे सगळे टेकू असतात, आणि ते भक्कम असतील तर भिंत कललेली आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही. एकेक टेकू निघतो तसं ते उघडं पडतं : घर सोडून शिकायला गेल्यावर, पहिल्या नोकरीत, आणि फार जणींच्या बाबतीत मूल झाल्यावर. कारण आता दुसऱ्या एका माणसाच्या वेळा, डबे, लसी, शाळेच्या सूचना हे सारं तिच्याच डोक्यात राहायला हवं अशी घरादाराची अपेक्षा असते. तिथे हे सांभाळणाऱ्या बाईला मी विचारते की चुका टाळण्यासाठी तुम्ही काय काय करता. कुणी दाराचं कुलूप तीनदा तपासते, कुणी एका अपॉइंटमेंटसाठी सहा गजर लावते, कुणी उशीर होईल या धास्तीने तासभर आधी पोचून बसते. बाहेरून ही बाई अतिशय व्यवस्थित दिसते. रात्री तिच्यात काही शिल्लक नसतं.

तुमच्या चिंतेचा धागा कदाचित इथे जुळत असेल. कदाचित, असंच म्हणते. ज्या व्यक्तीला लहानपणापासून स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवता आला नाही, ती सतत धास्तावलेली असणं साहजिक आहे. अशा वेळी गोळीने धडधड कमी होते, पण धास्तीचं मूळ तसंच राहतं. उलटही होऊ शकतं. मूळ आजार चिंतेचाच असेल आणि त्याने एकाग्रता खाल्ली असेल. ओळखायला मी विचारते की सुट्टीत, डोक्याला कसलाही ताप नसताना, आवडीचं पुस्तक वाचताना काय होतं? चिंतेत मन भरकटतं ते बहुधा ठरलेल्या भीतींकडे. एडीएचडीत ते कुठेही जातं, आणि चिंता नसलेल्या काळातही जातं. हा अंदाज आहे, कसोटी नव्हे, आणि दोन्ही एकत्र असणं तर अगदी नेहमीचं.

नैराश्याला बहुधा ‘त्याआधीचा’ काळ असतो, माणूस सांगू शकतो की मी अशी नव्हते. द्विध्रुवीय (बायपोलर) विकार तपासणं मी कधीच सोडत नाही : सलग काही दिवस झोपेची गरजच कमी, अंगात प्रचंड उत्साह, बोलण्याचा आणि खर्चाचा धडाका, मग घसरण, असं कधी झालंय का? हे नजरेआड करून एडीएचडीचं उत्तेजक औषध दिलं तर प्रकरण चिघळू शकतं. लहानपणी मारहाण, छळ, सततची भांडणं पाहिलेली व्यक्तीही अशीच हरवलेली, दचकणारी असते. ऑटिझम सोबत असू शकतो. २०१३पर्यंत नियमावली ही दोन निदानं एकत्र करूच देत नव्हती. दारू आणि गांजाबद्दलही मी सरळ विचारते. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ बघून घेते. यांतलं काहीही एडीएचडी ‘दाखवत’ नाही, पण त्यांच्या कमतरतेने मेंदू असाच मंदावतो. आणि झोप! चार वर्षांचं मूल असलेल्या बाईला मी झोपेबद्दल विचारलं नाही तर माझी तपासणी फुकट. बायकांमधला झोपेतला श्वासरोध घोरण्यापेक्षा दिवसाच्या थकव्याच्या रूपात पुढे येतो, म्हणून तो बऱ्याचदा निसटतो. माझ्याकडे एक जण आल्या होत्या, प्रश्नावलीत जवळपास सगळे रकाने भरलेले. पण कॉलेजच्या दिवसांबद्दल विचारलं तर त्या ग्रुपच्या हिशेबनीस होत्या, पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या, वेळेआधी प्रोजेक्ट देणाऱ्या, आणि तेही सहज, धावपळ न करता. त्रास सुरू झाला दुसऱ्या बाळंतपणानंतर. थायरॉइड बिघडलेलं निघालं, त्याचे उपचार झाले, लक्षही ताळ्यावर आलं.

तुमची ऑनलाइन चाचणी बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस असावी. मूळ प्रश्नावलीत अठरा प्रश्न आहेत, पहिल्या सहांचा चाळणीसाठी उपयोग होतो आणि त्यांतली चार किंवा अधिक उत्तरं ठरावीक पातळीच्या वर गेली तर पुढची तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. प्रौढांमध्ये एडीएचडीचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरलं जातं. इतक्या कमी प्रमाणात असलेल्या गोष्टीसाठी चाळणी लावली की बऱ्यापैकी चांगली चाळणीसुद्धा नसलेल्या अनेकांना ‘आहे’ म्हणते. त्यातून दमलेले, खचलेले, झोप न झालेले लोकच ती चाचणी जास्त करतात. तेव्हा तुमचा पॉझिटिव्ह निकाल हे अपॉइंटमेंट घ्यायला पुरेसं कारण आहे, त्यापलीकडे काही नाही.

पाळीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मी ते विचारलंच असतं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर परिणाम होतो, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्ष पार उडतं, औषध लागू पडत नाही, असं अनेक जणी सांगतात. रजोनिवृत्तीच्या आसपासही तसंच. यावरचं संशोधन अजून तोकडं आहे, म्हणून मी दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवायला सांगते. त्रास फक्त त्या आठवड्यापुरता असेल आणि पाळी आल्यावर पूर्ण ओसरत असेल, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. महिनाभर असतो आणि त्या आठवड्यात वाढतो, हे चित्र एडीएचडीत बसू शकतं.

प्रत्यक्ष तपासणी म्हणजे मुख्यतः बोलणं, आणि ते वीस मिनिटांत होत नाही. मी दोन-तीन बैठका घेते. डायव्हा-५ नावाची आखीव मुलाखत असते, तिच्यात अठराही निकषांबद्दल आत्ताचं आणि लहानपणचं अशी दोन्हीकडची उदाहरणं मागतात. ‘हो’ चालत नाही, प्रसंग लागतो. लहानपणचा पुरावा हा सगळ्यांत अवघड भाग. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर गुणांचे आकडे बाजूला ठेवून शेरे वाचा : ‘हुशार, पण धांदरट’, ‘वर्गात लक्ष नसते’, ‘फार बोलते’, ‘मनात आणल्यास पुष्कळ करू शकेल’. आई-वडील किंवा मोठी भावंडं यांच्याशी बोलता आलं तर उत्तम. पण घरात सगळेच तसे असतील तर आई म्हणते, ‘आमच्याकडे सगळे असेच.’ एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, त्यामुळे तिचं हे म्हणणं नकार म्हणून धरायचं की पुरावा म्हणून, याचा विचार करावा लागतो. नवऱ्याचंही मी ऐकते, पण त्याने तुमचा टेकूंचा काळ पाहिलेला नाही, आणि काही नवरे बायकोच्या विसराळूपणाची भरपाई इतकी सवयीने करत असतात की त्यांना ते दिसतच नाही.

मेंदूचं स्कॅन, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद), संगणकावरची लक्ष मोजणारी चाचणी यांपैकी कशानेही निदान होत नाही. संगणकाच्या चाचणीची थोडी मदत होऊ शकते, पण शांत खोली, नवीन खेळ, समोर बसलेला तपासनीस, अशा वातावरणात एडीएचडी असलेली बाई वीस मिनिटं उत्तम काम करून दाखवते. तिचा प्रश्न वीस मिनिटांचा नसतो. तिथे चाचणी नॉर्मल आली म्हणून कुणी घरी पाठवलं तर दुसरं मत घ्या. तसंच एका प्रश्नावलीवर पहिल्याच भेटीत औषध लिहून दिलं तरीही घ्या.

या सगळ्यातून उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. आहे. नाही. किंवा आत्ता सांगता येत नाही, आधी झोप, थायरॉइड, नैराश्य यांचं बघू आणि मग पुन्हा बसू. तिसरं ऐकून लोक नाराज होतात, पण मला ते घाईच्या ‘आहे’पेक्षा बरं वाटतं. मोठेपणीच पहिल्यांदा सुरू झाल्यासारख्या दिसणाऱ्या एडीएचडीचा मागोवा २०१८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिब्ली यांच्या गटाने घेतला, तेव्हा नीट चौकशी केल्यावर बहुतेकांच्या लक्षणांना दुसरं कारण सापडलं.

निदान झालंच तर औषध घेणं सक्तीचं नसतं, पण मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजक औषधांचा चांगला उपयोग होतो आणि त्यांना उगाच घाबरू नये. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी, हृदयविकाराचा स्वतःचा आणि घरचा इतिहास बघतात. पुन्हा मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. प्रौढांच्या एडीएचडीसाठी वेगळी बेतलेली वर्तन-उपचारपद्धतीही आहे. ती औषधाला जोडून किंवा औषध नको असेल तर एकटी घेता येते.

अपॉइंटमेंटला जाताना तयारी म्हणून लक्षणांची यादी नेऊ नका, ती डॉक्टरांना पाठ असते. प्रसंग न्या : शाळेतले दोन-चार, कॉलेजातले, नोकरीतले, घरातले. काय झालं, त्याने काय बिघडलं, कुणी सावरलं, एवढं लिहा. प्रगतिपुस्तकं, आधीची औषधं डोससकट, आणि झोपेची दोन आठवड्यांची नोंद सोबत असू द्या. मधल्या काळात जगणं नकोसं होतंय, स्वतःला इजा करावीशी वाटते, असं काही असेल तर एडीएचडीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच मदत घ्या. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या मुलींचा मोठं होईपर्यंत पाठपुरावा केला, त्यात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण, विशेषतः लहानपणी चंचलताही असलेल्या मुलींमध्ये, लक्षणीयरीत्या जास्त आढळलं.

आणि चिंतेची गोळी स्वतःहून बंद करू नका. अशा बऱ्याच गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड होते, चिंता उसळून येते, आणि मग तपासणीत नेमकं काय दिसतंय हेच कळेनासं होतं. थांबवायची असेल तर ज्यांनी सुरू केली त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू डोस उतरवत. गोळीचं नाव मात्र नव्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ती फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन असेल तर एडीएचडीसाठी वापरलं जाणारं अ‍ॅटोमॉक्सेटिन शरीरात जास्त साठतं, आणि त्याचा डोस त्या हिशेबाने ठरवावा लागतो.